गावातले वाचनालय चालते कसे, आणि पुढे चालायचे तर काय लागेल?

कोकण किनाऱ्यावरच्या कोणत्याही जुन्या गावात बाजारपेठेच्या आसपास वाचनालयाची इमारत असते. ती बहुधा कौलारू असते आणि पुढे पडवी असते. तिच्याकडे पाहून बहुतेकांची समजूत होते की ही सरकारची नाहीतर नगरपरिषदेची असणार. ही समजूत बरोबर नाही, आणि वाचनालयांच्या भवितव्याविषयीची बरीच चर्चा तिच्यामुळेच भलत्या वाटेला लागते. कोणी म्हणतो, सरकारने वाचनालयांना वाऱ्यावर सोडले. कोणी म्हणतो, मोबाईल आला आणि वाचन संपले. दोन्ही म्हणण्यांत थोडे तथ्य आहे. पण वाचनालयाचा पैसा कुठून येतो, तो कशाच्या मोजमापावर मिळतो आणि कशावर खर्च होतो, हे ठाऊक नसताना या दोन्ही तक्रारींचे पुढे काहीच करता येत नाही. म्हणून आधी ती व्यवस्था समजून घेऊ.

वाचनालय कोणाचे?

शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालय म्हणजे गावातल्या लोकांनी स्थापन केलेली संस्था. ती १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम यांखाली नोंदलेली असते. सभासद वर्गणी भरतात, वार्षिक सभेत कार्यकारी मंडळ निवडतात, आणि ते मंडळ ग्रंथपाल नेमते. पुस्तके, कपाटे, बँकेतल्या ठेवी आणि असली तर इमारत, हे सगळे संस्थेच्या मालकीचे असते. शासन मान्यता देते, वर्ग ठरवते, तपासणी करते आणि दरवर्षी अनुदान देते. जिल्ह्याच्या ठिकाणचे शासकीय ग्रंथालय ही यापासून वेगळी गोष्ट आहे. तिथले कर्मचारी सरकारी नोकर असतात. राज्यात पहिल्या प्रकारची, म्हणजे लोकांनी चालवलेली मान्यताप्राप्त ग्रंथालये अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत.

कोकणात ही परंपरा कोणत्याही ग्रंथालय कायद्यापेक्षा पुष्कळ जुनी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे, चिपळूणचे आजचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे आणि वेंगुर्ल्याचे नगर वाचनालय १८७१ चे. रत्नागिरीचे वाचनालय सुरू झाले तेव्हा पेशवाई बुडून जेमतेम दहा वर्षे झाली होती. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ हे मराठीतले पहिले वृत्तपत्र काढायला अजून चार वर्षे अवकाश होता. म्हणजे वाचायला मराठी वर्तमानपत्र नव्हते त्या काळात या किनाऱ्यावर वाचनालय होते. या संस्था बंदरांच्या आणि कचेऱ्यांच्या गावांत निघाल्या आणि त्या टिकल्या त्या लोकांच्या वर्गणीवर. आजचे प्रश्न पाहताना हा इतिहास लक्षात ठेवावा, कारण अनुदान हे या संस्थांच्या आयुष्यात बरेच उशिरा आलेले आहे.

कायदा आणि पैसा

ग्रंथालयांसाठी कायदा करण्यात कोल्हापूर संस्थान देशात पहिले. त्याचा कायदा १९४५ चा. स्वतंत्र भारतात पहिला कायदा मद्रास राज्याने १९४८ मध्ये केला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा असून तो १ मे १९६८ पासून लागू झाला. त्यातून ग्रंथालय संचालनालय उभे राहिले आणि जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथालय अधिकारी आले.

इथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे. कर्नाटक, केरळ, तमिळनाडू या राज्यांत घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर घेतला जातो. लोक कर भरतात, त्याचा ठरावीक हिस्सा ग्रंथालयांसाठी राखलेला असतो, आणि निदान कागदावर तरी तो दुसरीकडे वळवता येत नाही. महाराष्ट्राने हा मार्ग घेतला नाही. आपल्याकडे ग्रंथालयांचा पैसा राज्याच्या वार्षिक अर्थसंकल्पातून येतो, म्हणजे दरवर्षी इतर सगळ्या मागण्यांबरोबर रांगेत उभे राहूनच तो मिळवावा लागतो. उपकराची पद्धत निर्दोष आहे असे नव्हे. स्थानिक संस्था उपकर वसूल करतात आणि ग्रंथालयांकडे वेळेवर वर्ग करीत नाहीत, ही तक्रार त्या राज्यांत जुनीच आहे. तरीही हक्काचा पैसा उशिरा मिळणे आणि पैशावर हक्कच नसणे यांत अंतर आहे.

अनुदान वर्गाप्रमाणे ठरते. जिल्हा ग्रंथालये, तालुका ग्रंथालये आणि इतर ग्रंथालये असे तीन गट आहेत आणि त्यांत अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. ड वर्ग फक्त ‘इतर’ गटात, म्हणजे मुख्यतः खेड्यांतल्या छोट्या वाचनालयांसाठी. पुस्तकांची संख्या, वर्तमानपत्रे आणि नियतकालिके किती येतात, सभासद किती, दिवसाला किती तास उघडे असते, अशा निकषांवर वर्ग मिळतो. मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत, पण त्या वर्गाच्या कमाल मर्यादेत, शासन अनुदान देते. उरलेला वाटा संस्थेने स्वतः उभा करायचा. रक्कम दोन हप्त्यांत येते. दुसरा हप्ता आर्थिक वर्ष संपता संपता आला तर काय होते, हे कोणत्याही कार्यवाहाला विचारावे: पुस्तक विक्रेता उधारीवर, ग्रंथपाल उधारीवर, आणि मार्चअखेर एकदम खरेदी.

ड वर्गाचे वार्षिक अनुदान अनेक वर्षे ३०,००० रुपये होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सर्व वर्गांच्या अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर केली. त्या हिशेबाने ही रक्कम तेव्हा ४८,००० रुपये झाली. त्यातला निम्मा भाग वेतनाचा धरला तर वर्षाला २४,००० रुपये, म्हणजे महिन्याला २,००० रुपये उरतात. एवढ्या पैशात एका माणसाने रोज काही तास वाचनालय उघडायचे, पुस्तकांची देवघेव करायची, वर्गणी गोळा करायची, रजिस्टरे भरायची आणि तपासणीला उत्तरे द्यायची. आंब्याच्या हंगामात बागेत कामाला जाणारा मजूर हे पैसे आठवड्याच्या आत कमावतो. छोट्या वाचनालयाचे भवितव्य कशावर अवलंबून आहे, या प्रश्नाचे माझे उत्तर या आकड्यात आहे. वाचनालयाचे दार रोज ठरल्या वेळी उघडायला कोणी माणूस आहे का, हा पहिला प्रश्न. पुस्तके, संगणक आणि इमारत यांचे प्रश्न त्यानंतरचे.

२०१२ मध्ये राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली. केवळ कागदावर चालणारी काही वाचनालये त्यात उघडी पडली, हे योग्यच झाले. पण त्यानंतर नव्या मान्यता आणि वर्गबदल वर्षानुवर्षे थांबले. परिणामी ज्या गावात चार तरुणांनी उत्साहाने वाचनालय काढले त्यांना मान्यता मिळेना, आणि ज्या ड वर्गाच्या वाचनालयाने पुस्तके व सभासद वाढवले ते ड वर्गातच अडकून पडले. खोट्या वाचनालयांची शिक्षा खऱ्या वाचनालयांनी भोगावी, असाच हा प्रकार झाला.

मोजमाप कशाचे?

आता वाचनालयातल्या सगळ्यांत महत्त्वाच्या वहीकडे पाहू. तिला दाखलनोंद रजिस्टर म्हणतात. लांबट, जाड पुठ्ठ्याच्या बांधणीची ही वही असते. आडव्या ओळीत तारीख, दाखल अंक, ग्रंथाचे नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत, कोणाकडून घेतले त्या विक्रेत्याचे नाव आणि बिलाचा क्रमांक, आणि अगदी उजवीकडे शेरा. पुस्तक संस्थेत आले की त्याला क्रमांक मिळतो. तो क्रमांक पुस्तकाच्या आतल्या पानांवर शिक्क्यासह पडतो आणि पुस्तक असेपर्यंत तोच राहतो. शेऱ्याच्या रकान्यात ‘गहाळ’, ‘जीर्ण’, ‘बाद’ असे शब्द लिहिण्याची सोय आहे. अनेक वाचनालयांच्या रजिस्टरांत हा रकाना पानामागून पान कोरा दिसतो. ग्रंथपालाला फाटलेले पुस्तक दिसत नाही असे नाही. पण ते बाद करायचे तर कार्यकारी मंडळाचा ठराव, यादी आणि मंजुरी हे सगळे करावे लागते, आणि शिवाय एकूण संख्या घटते. वर्गाच्या निकषात पुस्तकांची संख्या आहे. ती घटवण्याची जोखीम कोण घेणार?

याचा परिणाम कपाटांवर दिसतो. चाळीस वर्षांपूर्वीची स्पर्धापरीक्षा मार्गदर्शके, कालबाह्य झालेली कायद्याची पुस्तके आणि कोणीही न उघडलेले कथासंग्रहांचे गठ्ठे जागा अडवून बसतात, आणि नव्या पुस्तकांना फळी मिळत नाही. मार्चअखेर खरेदीतही हाच हिशेब चालतो. ठरावीक रकमेत जास्तीत जास्त नग बसवायचे म्हणून स्वस्त, सवलतीची, पातळ पुस्तके घेतली जातात. एखाद्या चांगल्या कोशाची किंवा विज्ञानविषयक पुस्तकाची किंमत जास्त असल्याने ते मागे पडते. ग्रंथालयशास्त्राचे भारतातले आद्य आचार्य शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिलेच सूत्र आहे की ग्रंथ उपयोगासाठी असतात. अनुदानाचे गणित मात्र ग्रंथ किती साठवले यावर बेतलेले आहे; ते किती जणांच्या हाती गेले याला त्यात फारच थोडे वजन आहे. देवघेवीचे आकडे मोजायला अवघड नाहीत, ते रोजच्या रोज नोंदले जातातच. वर्ग ठरवताना त्या आकड्यांना निम्मे वजन दिले, तरी खरेदीची तऱ्हा दोन-तीन वर्षांत बदलेल, असे मला वाटते.

पाऊस, पूर आणि कसर

कोकणातल्या ग्रंथपालाला देशावरच्या ग्रंथपालापेक्षा एक लढाई जास्त लढावी लागते. वर्षाला तीन हजार मिलिमीटर आणि त्याहून अधिक पाऊस, चार महिने न सुकणाऱ्या भिंती, आणि किनाऱ्यालगत हवेत मीठ. जून ते सप्टेंबर या काळात पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर भुरी चढते, बांधणीच्या खळीवर बुरशी आणि कसर जगते, आणि भिंतीला टेकवलेल्या लाकडी कपाटात वाळवी मागून शिरते. त्यावरचे उपाय खर्चाचे नाहीत, पण नित्याचे आहेत: कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढणे, खालची फळी जमिनीपासून उंच ठेवणे, पुस्तके गच्च न कोंबणे, आणि पावसाने उघडीप दिली की खिडक्या उघडणे. आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन तास उघडणाऱ्या वाचनालयात हे होत नाही, कारण बंद खोलीतली दमट हवा हलतच नाही. म्हणजे इथेही प्रश्न पुन्हा माणसाच्या तासांवर येतो.

पुराची गोष्ट वेगळी. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले आणि दीडशे वर्षांहून जुन्या वाचन मंदिराच्या ग्रंथसंपदेचे मोठे नुकसान झाले. २००५ च्या जुलैतही शहराने असाच पूर पाहिला होता. २०२१ च्या पुराच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या असंख्य इमारतींची छपरे उडवली. अशा वेळी पहिले दोन दिवस निर्णायक असतात, कारण साधारण ४८ तासांत ओल्या कागदावर बुरशी धरू लागते. भिजलेले पुस्तक लगेच उघडून पाने सोडवायला जाऊ नये. ओला कागद बोटाला चिकटून फाटतो. पुस्तक मिटलेलेच ठेवून बाहेरचा चिखल स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावा, नंतर ते उभे ठेवून पाणी निथळू द्यावे, आणि मग थोड्या थोड्या पानांच्या अंतराने टीपकागद किंवा कोरा शोषक कागद घालून तो वारंवार बदलत पंख्याच्या वाऱ्यावर सुकवावे. कडक उन्हात ठेवले तर पाने वाकडी होतात आणि पुठ्ठा उचलतो. गुळगुळीत, चकचकीत कागदाच्या पुस्तकांची पाने सुकताना एकमेकांना चिकटून वीट होते, म्हणून ती पुस्तके आधी हाताळावीत. सगळी पुस्तके एकाच वेळी सुकवणे शक्य नसते. तेव्हा दुर्मीळ तेवढी प्लास्टिकच्या पिशवीत घालून शीतपेटीत गोठवून ठेवली तर सुकवायला पुढे सवड मिळते. मासळीच्या गावात शीतगृह असते, बर्फाचे कारखानेही असतात. पुराआधीच त्यांच्याशी बोलून ठेवायला काही पैसे पडत नाहीत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाचवायची पुस्तके कोणती, याची यादी आधी तयार हवी. बाजारात पुन्हा मिळणारी कादंबरी भिजली तर ती विकत घेता येते. स्थानिक नियतकालिकांचे बांधीव अंक, शाळांच्या शतकमहोत्सवी स्मरणिका, गावातल्या नाट्यमंडळींच्या हस्तलिखित संहिता, जुन्या बोटींच्या काळातली कागदपत्रे एकदा गेली की गेलीच. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली. त्या आठवड्यातली वर्तमानपत्रे एखाद्या किनारी वाचनालयाच्या माळ्यावर बांधून ठेवलेली असतील, तर त्यांची जागा वरच्या मजल्यावरच हवी.

वाचक कोण आणि कधी येतो?

२००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. त्याच काळात रत्नागिरी जिल्ह्याची सुमारे १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आणि सिंधुदुर्गाची सुमारे ८.६९ लाखांवरून ८.५० लाखांवर आली. तरुण मुंबई-पुण्याला जातात, गावात मागे राहतात ते वडीलधारे, बायका आणि शाळकरी मुले. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. हे आकडे वाचनालयाच्या कार्यवाहाने भिंतीवर लावून ठेवावेत, कारण बहुतेक छोट्या वाचनालयांची वेळ अजूनही कचेरीतून परतणाऱ्या पुरुषाच्या सोयीची आहे: सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी दोन-तीन तास. संध्याकाळच्या त्या तासांत घरातली बाई चुलीपाशी असते, आणि दुपारी दोन ते चार या तिच्या मोकळ्या वेळात वाचनालयाला कुलूप असते. मग वार्षिक अहवालात ‘महिला वाचकांचा प्रतिसाद अल्प’ असे वाक्य लिहिले जाते.

दुसरा वर्ग स्पर्धापरीक्षा देणाऱ्या मुलामुलींचा. तलाठी, पोलीस, बँक, रेल्वे अशा परीक्षांची तयारी करणाऱ्याला कादंबऱ्यांचे कपाट नको असते. त्याला शांत टेबल, पंखा, वीज, इंटरनेट आणि चालू वर्षाची संदर्भपुस्तके हवी असतात, आणि तीही सकाळपासून रात्रीपर्यंत. शहरांत अशा अभ्यासिका महिना काही शे रुपये घेऊन चालतात. गावातल्या वाचनालयाने एक खोली त्यासाठी दिली तर तिचे शुल्क वर्गणीहून कितीतरी जास्त येऊ शकते, आणि त्या शुल्कावर ग्रंथपालाचे तास वाढू शकतात. काही जुन्या जाणत्यांना हे पसंत नसते. वाचनालयाची खानावळ झाली, असे ते म्हणतात. मला ही तक्रार अनाठायी वाटते. मात्र शुल्क न परवडणाऱ्यांसाठी काही जागा राखल्याच पाहिजेत, नाहीतर सार्वजनिक या शब्दाला अर्थ राहत नाही.

चाकरमान्यांचा वर्ग तिसरा. गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात गाव भरते, आणि नेमक्या त्याच दिवसांत वाचनालयाला सुट्ट्या असतात. त्या आठवड्यांत वाचनालय दिवसभर उघडे ठेवून आजीव सभासदत्व देणे, हा निधी उभारण्याचा सगळ्यांत सोपा मार्ग आहे.

संगणक आणि हक्काचा प्रश्न

‘सगळी पुस्तके स्कॅन करून मोबाईलवर द्या’ ही सूचना प्रत्येक सभेत येते. तिच्या आड कायदा येतो. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे लेखनावर हक्क राहतो. दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०११ पासून सर्वांना खुले आहे. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले. त्यांच्या लेखनावरचा हक्क २०६० अखेरपर्यंत चालेल, आणि त्यांचे पुस्तक स्कॅन करून गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे बेकायदा आहे. अनुवादाच्या बाबतीत अनुवादकाचा हक्क वेगळा मोजावा लागतो. २०१२ च्या दुरुस्तीने मात्र एक उपयोगी सवलत दिली आहे: बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाजवळ पुस्तकाची छापील प्रत असेल, तर जतनासाठी त्याची डिजिटल प्रत ठेवता येते. जतनासाठी ठेवणे आणि वाटणे यांतला भेद इथे सांभाळायचा आहे.

म्हणून छोट्या वाचनालयाने लोकप्रिय कादंबऱ्या स्कॅन करण्यात वेळ दवडू नये. हक्कमुक्त झालेली बरीचशी जुनी मराठी पुस्तके आधीच अनेक ठिकाणी उपलब्ध आहेत. मराठी विश्वकोश तर घरबसल्या फुकट वाचता येतो. जे जगात दुसरीकडे कुठेच नाही, म्हणजे वर सांगितलेले स्थानिक अंक आणि स्मरणिका, त्यांचे स्कॅनिंग आधी करावे. आणि त्याच्याही आधी ग्रंथसूची संगणकावर आणावी. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ प्रणाली आहे, आणि ‘कोहा’ ही सर्वांना मोफत वापरता येणारी मुक्त प्रणाली आहे. ‘कोहा’ मुळात न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या छोट्या जिल्ह्याच्या ग्रंथालयासाठीच तयार झाली आणि २००० च्या जानेवारीपासून वापरात आली. पुढे जगभरची मोठी ग्रंथालयेही ती वापरू लागली. सूची संगणकावर आली की शेजारच्या गावातल्या वाचनालयात कोणते पुस्तक आहे ते कळते, आणि तेच पुस्तक दोघांनी विकत घेण्याचे टळते.

पेटी, पंचायत आणि ठराव

तालुक्यातल्या दहा-बारा छोट्या वाचनालयांनी एकेकटे राहण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येकाचे पुस्तक-अनुदान इतके तुटपुंजे की त्यातून वर्षाला मोजकीच चांगली पुस्तके येतात, आणि उत्साही वाचक ती दोन महिन्यांत संपवतो. याऐवजी तालुक्याच्या मोठ्या ग्रंथालयाने पन्नास-पन्नास पुस्तकांच्या पेट्या करून त्या वाड्यावाड्यांतल्या वाचनालयांत तीन-तीन महिने फिरवल्या, तर तेवढ्याच पैशात प्रत्येक गावाला वर्षात चार वेळा नवी पुस्तके दिसतील. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाने पेटीची ही पद्धत चालते हे दाखवून दिले आहे. पेटी नेण्या-आणण्याला वेगळी गाडी लागत नाही. एसटी आहे, शाळेत रोज ये-जा करणारे शिक्षक आहेत. प्रश्न येतो तो दाखल अंकाचा, कारण ‘आमचे पुस्तक’ दुसऱ्याच्या कपाटात गेले तर तपासणीच्या दिवशी ते दाखवायचे कसे? यासाठी दोन्ही संस्थांचे ठराव, पेटीची वेगळी नोंदवही आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याशी आधी केलेला पत्रव्यवहार, एवढे पुरेसे व्हावे.

पैशाच्या दोन वाटा फारशा वापरल्या जात नाहीत. एक ग्रामपंचायतीची: वाचनालये आणि वाचनकक्ष चालवणे हे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातल्या ग्रामसूचीत पंचायतीच्या कामांत धरलेले आहे. त्यामुळे वीजबिल, पाणी किंवा इमारतीची डागडुजी पंचायतीने करावी असा विषय ग्रामसभेत मांडता येतो. दुसरी वाट कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीची, म्हणजे सीएसआरची. २०१३ च्या कंपनी अधिनियमात ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावेत अशी तरतूद आहे, आणि त्या कामांच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक ग्रंथालये उभारणे याचा स्पष्ट उल्लेख आहे. लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीपासून जयगडच्या बंदरापर्यंत उद्योग या किनाऱ्यावर आहेत. पण कंपनीकडून असे काम घ्यायचे तर संस्थेची आयकराखालची करसवलतीची, १२अ आणि ८०ग या कलमांनी ओळखली जाणारी नोंदणी हवी, आणि एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा अर्ज भरून क्रमांक घेतलेला हवा.

इथे बऱ्याच वाचनालयांची गाडी अडते. धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीत अजून दिवंगत विश्वस्तांची नावे असतात, कारण कार्यकारी मंडळ बदलल्यावर द्यायचा बदल अर्ज कोणी दिलेलाच नसतो. हिशेब तपासले जातात, पण अहवाल वेळेवर दाखल होत नाही. मंडळात पंचवीस वर्षे तेच सात जण, सगळे साठीच्या पुढचे, आणि ‘तरुण पुढे येत नाहीत’ ही त्यांची तक्रार. तरुणाने सभासद व्हायचे म्हटले तर अर्जावर दोन जुन्या सभासदांच्या सह्या लागतात. अशा संस्थेत एक माणूस आजारी पडला की सगळा कारभार ठप्प होतो, कारण बँकेत सही त्याची, किल्ली त्याच्याकडे आणि जुनी रजिस्टरे त्याच्या घरी.

त्यामुळे सुरुवात येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपासून करता येईल. सभासदाला ताळेबंद पाहण्याचा अधिकार असतो. गेल्या वर्षी रोज सरासरी किती पुस्तके बाहेर गेली, वाचनालय प्रत्यक्षात किती तास उघडे होते, ग्रंथपालाला महिन्याला किती मिळाले आणि धर्मादाय कार्यालयात शेवटचा बदल अर्ज कोणत्या वर्षी मंजूर झाला, हे चार प्रश्न त्या सभेत विचारावेत आणि त्यांची उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. बदल अर्ज प्रलंबित असेल तर आधी तो मार्गी लावावा. अभ्यासिका, पेटी आणि कंपनीचा निधी या पुढच्या सगळ्या कामांना विश्वस्तांच्या वैध सह्या लागतात.